सोमवारी नागपूर खंडपीठात मॅटर, हातात शुक्रवार ते रविवार: वकिलांनी काय बघावं

प्रश्न थोडक्यात असा: पुण्याचे आठ वकील जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात नागपूरला येत आहेत. त्यांतल्या एकाचं प्रकरण सोमवारी नागपूर खंडपीठात बोर्डावर आहे, म्हणून बाकीच्यांनीही शुक्रवार सकाळपासून मुक्काम ठरवला आहे. दोघे शाकाहारी आहेत, एका ज्येष्ठांचे गुडघे दुखतात, आणि 'दीक्षाभूमी, वाघ, रामटेक, सेवाग्राम, सावजी' ही यादी तयार आहे. तीन दिवसांत हे कसं बसवायचं?

सगळं बसणार नाही. वाघ काढा. सेवाग्राम पर्याय म्हणून बाजूला ठेवा. उरलेलं नीट होईल, पण क्रम ठिकाणांच्या महत्त्वावरून लावू नका, कोणती जागा कधी उघडी असते त्यावरून लावा. उच्च न्यायालय शनिवार-रविवार बसत नाही, म्हणजे ते बघायला शुक्रवार हा एकच दिवस आहे. अजब बंगला, म्हणजे इथलं जुनं संग्रहालय, सोमवारी बंद असतो. महाल या जुन्या वस्तीतल्या गल्ल्या सकाळीच बऱ्या. एवढं धरलं की निम्मा आराखडा आपोआप होतो.

जानेवारी निवडलात ते उत्तम. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन असतं तेव्हा सिव्हिल लाइन्सचे रस्ते मोर्च्यांसाठी आणि ताफ्यांसाठी अडवलेले असतात, हॉटेलच्या खोल्या आमदार आणि त्यांची माणसं आधीच घेऊन बसतात. मे महिन्यात न्यायालयाला सुट्टी असते म्हणून पुण्या-मुंबईचे बरेच जण तेव्हा येतात आणि पंचेचाळीस अंशांत दुपारभर खोलीतच बसतात. फक्त तुमच्या तारखा संक्रांतीला लागून आहेत, म्हणून एक इशारा: दुचाकी भाड्यानं घेऊ नका. नागपुरात पतंगाचं वेड मोठं आहे आणि नायलॉन मांजा बंदी असूनही आडवा येतो, थेट गळ्यापाशी. याच मांजावर नागपूर खंडपीठानं स्वतःहून जनहित याचिका दाखल करून घेतलेली आहे, तेव्हा संदर्भ तुम्हाला नवा नाही.

मुक्काम बर्डीजवळ ठेवा. बर्डी म्हणजे सीताबर्डी. स्थानिक माणूस पूर्ण नाव घेत नाही. रामदासपेठ, धंतोलीही चालेल. मेट्रोच्या दोन्ही मार्गिका, ऑरेंज आणि अ‍ॅक्वा, सीताबर्डीलाच एकमेकींना भेटतात, आणि सोमवारी सकाळी तिथून न्यायालय जवळ पडतं. विमानतळाच्या रस्त्यावरची हॉटेलं दिसायला चकचकीत असतात, पण वर्धा रोडवरून रोज ये-जा करण्यात तुमचा वेळ जाईल.

शुक्रवार. रात्रीच्या गाडीनं आलात, आंघोळी झाल्या, की आधी तर्री पोहे. कांदे पोह्यांवर हरभऱ्याचा झणझणीत रस्सा, वर शेव आणि कच्चा कांदा. सिव्हिल लाइन्स आणि कस्तुरचंद पार्कच्या परिसरात सकाळी गाड्यांवर मिळतात. तर्री वेगळ्या वाटीत मागा. पहिल्याच घासाला पुणेकरांना ठसका लागतो, म्हणून आधी अर्धी वाटी घालून बघा. उशिरा गेलात तर तळाची, आटून खारट झालेली तर्री मिळते, म्हणून साडेनऊच्या आत उरका.

साडेदहाला न्यायालयात. प्रवेशासाठी अधिवक्ता ओळखपत्राचं मूळ कार्ड जवळ ठेवा, मोबाइलमधला फोटो पुरेसा धरू नका. तुमच्या मॅटरमध्ये इथले जे स्थानिक वकील आहेत त्यांना आदल्या दिवशी आठही नावं कळवा. कोणत्या दारानं यायचं, पास लागेल का, ते तेच सांगतील. आत फोटो नाही. ज्यांचं काम नाही त्यांनीही पांढरा शर्ट, बँड आणि काळा कोट घालावा. रंगीत टी-शर्टात मागच्या बाकावर बसलेले आठ जण फार उठून दिसतात.

इमारत आधी बाहेरून बघा, समोरच्या मोकळ्या जागेत थोडं मागे सरकून. वास्तुविशारद एच. ए. एन. मेड. नवी दिल्ली उभी राहत होती तेव्हा तो तिथे काम करत होता. राष्ट्रपती भवनाजवळचं कॅथेड्रल चर्च ऑफ द रिडेम्प्शन त्याचंच. नागपूरच्या या इमारतीची पायाभरणी ९ जानेवारी १९३७ ला झाली आणि ६ जानेवारी १९४० ला व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या हस्ते उद्घाटन. अंदाजपत्रक होतं ७,३७,७४६ रुपयांचं. करड्या रंगाचा घुमट तळमजल्यापासून १०९ फूट उंच आहे. दिल्लीची साम्राज्यशाही ऐट इथे आहे, पण आकार माणसाच्या आवाक्यात ठेवलेला. मुंबईची गॉथिक इमारत बघायची सवय असलेल्या डोळ्याला हा साधेपणा सुरुवातीला कोरडा वाटतो. पाच मिनिटं थांबलात की दगडाची प्रमाणं उलगडतात.

आता वकिलालाच कळेल अशी गंमत. ही इमारत बांधली ती मुंबई उच्च न्यायालयासाठी नव्हे. नागपूरचं स्वतःचं उच्च न्यायालय जानेवारी १९३६ मध्ये सुरू झालं, सर गिल्बर्ट स्टोन पहिले मुख्य न्यायमूर्ती. जुन्या एआयआरमध्ये, म्हणजे ऑल इंडिया रिपोर्टर या निकालसंग्रहात, वर्षापुढे 'नाग.' असं छापलेलं तुम्ही कित्येकदा उद्धृत केलं असेल, ते हे न्यायालय. व्हिव्हियन बोस इथले मुख्य न्यायमूर्ती होते. हिदायतुल्लाही १९५४ ते ५६ इथे मुख्य न्यायमूर्ती होते आणि पुढे सरन्यायाधीश झाले. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचना झाली आणि कायद्यानं जुन्या मध्य प्रदेशचं उच्च न्यायालय नव्या मध्य प्रदेशचं झालं. म्हणजे कायद्याच्या भाषेत नागपूर उच्च न्यायालय उठून जबलपूरला गेलं. इमारत, ग्रंथालय आणि वकील मात्र इथेच राहिले.

पुण्याच्या वकिलांनी यापुढचा धागा जरूर पकडावा, कारण तुमच्याकडे खंडपीठाची मागणी जुनी आहे. नागपूरचं खंडपीठ मुंबई पुनर्रचना अधिनियम, १९६० च्या कलम ४१ नं दिलेलं आहे: किमान तीन न्यायमूर्ती, आणि बुलढाण्यापासून चांद्यापर्यंतचे (आजचं चंद्रपूर) जिल्हे कलमातच नावानिशी. औरंगाबादचं कायम खंडपीठ आलं ते १९५६ च्या राज्य पुनर्रचना अधिनियमाच्या कलम ५१, पोटकलम (२) मधून, आणि कोल्हापूरचं सर्किट बेंच ऑगस्ट २०२५ मध्ये त्याच कलमाच्या पोटकलम (३) खाली. एकाच उच्च न्यायालयाच्या महाराष्ट्रातल्या तीन बाहेरच्या जागा, पण तिघींची मुळं निरनिराळी. बार रूममध्ये चहा घेताना हा विषय काढा, तासभर उठू देणार नाहीत.

कोर्टात अर्धा-पाऊण तास बसा, जास्त नको. जेवणाच्या सुट्टीआधी बाहेर पडून पायी निघा. अजब बंगला म्हणजे १८६३ चं मध्यवर्ती संग्रहालय, जवळच आहे. पेंढा भरलेल्या प्राण्यांत वेळ घालवू नका. शिलालेख, ताम्रपट आणि नाणी यांच्या दालनात थेट जा, त्याचं कारण शनिवारी कळेल. मग विधान भवन बाहेरून. इथे दरवर्षी एक अधिवेशन का भरतं याचं उत्तर २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात आहे. करारावर सही राजकीय नेत्यांची, सरकारची नाही. त्याची अंमलबजावणी मागता येते का, यावर विदर्भात सत्तर वर्षं वाद चालू आहे.

तिथून शून्य मैलाचा दगड. वाळूच्या दगडाचा स्तंभ, शेजारी चार घोडे. 'हा भारताचा मध्यबिंदू' असं रिक्षावाला सांगेल, गाइड सांगेल, कुणीही सांगेल. पुराव्यात टिकणार नाही. हा १९०७ मधला ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हेचा प्रमाण तलचिन्ह दगड आहे: समुद्रसपाटीपासूनची उंची मोजण्यासाठीचा ठरवलेला बिंदू. स्तंभाखालच्या षटकोनी चौथऱ्यावर हैदराबाद, चांदा, जबलपूर, शिवनी, छिंदवाडा, बैतूल अशा गावांची अंतरं मैलांत कोरली आहेत. हैदराबाद ३१८ मैल. शिवाय ज्या देशाचा मध्य म्हणायचा, त्याच्या सीमाच १९४७ ला बदलल्या. दगडावर काय लिहिलंय ते वाचा आणि तोंडी पुरावा तिथेच खोडून काढा.

एवढं चालणं मिळून दोन-अडीच किलोमीटर होतं. ज्येष्ठांना संग्रहालयापासून ऑटो करून द्या.

चारच्या सुमारास दीक्षाभूमी. १४ ऑक्टोबर १९५६, अशोक विजयादशमी, डॉ. आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह इथे धम्मदीक्षा घेतली. आजचा स्तूप शिवदानमल यांच्या रचनेचा, उंची आणि व्यास दोन्ही १२० फूट. १८ डिसेंबर २००१ ला राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते लोकार्पण झालं. आत शिरलं की डोळा वर जातो, कारण हा स्तूप सांचीसारखा भरीव नाही, पोकळ आहे. बाबासाहेबांच्या अस्थी इथेच. अंगणातला बोधिवृक्ष अनुराधापूरहून आणलेल्या रोपाचा आहे. बावीस प्रतिज्ञांचा स्तंभ वाचून घ्या. चपला बाहेर काढाव्या लागतात, म्हणून मोजे घाला. संध्याकाळी ग्रॅनाइट गार पडतो. इथे येणारा बहुतेक माणूस पर्यटक नसतो, श्रद्धेनं आलेला असतो. ग्रुप फोटोचा कल्ला आत करू नका.

शनिवारी रामटेक. साधारण पन्नास किलोमीटर, जबलपूरच्या महामार्गानं. बारा सीटचा टेम्पो ट्रॅव्हलर घ्या, दोन गाड्या केल्या की एक नेहमी मागे राहते. साडेसहाला निघा. नागपूरची जानेवारीतली पहाट चांगलीच बोचते, स्वेटर वरच राहू द्या.

रामटेकच्या आधी मनसर लागतं, आधी तिथेच थांबा. बहुतेक लोक परतताना बघू म्हणतात आणि परतताना ऊन चढलेलं असतं, पोटात जेवण असतं, कुणी उतरत नाही. हिडिंबा टेकडीवरच्या उत्खननातून विटांचं मोठं बांधकाम उघडं पडलं. अभ्यासक त्याचा संबंध वाकाटक राजा दुसऱ्या प्रवरसेनाच्या प्रवरपुराशी लावतात. पाऊण तास पुरे.

रामटेकला वाहन गडावर मंदिराजवळच्या वाहनतळापर्यंत जातं. अंबाळा तलावाच्या बाजूनं पायऱ्याही आहेत, पण दुखऱ्या गुडघ्यांना त्या वाटेनं नेऊ नका. वर वानरांचा सुळसुळाट आहे: प्रसादाची पिशवी हातात लोंबकळती ठेवली की गेलीच. पिशवी सॅकच्या आत, सॅक पुढे.

लोक राममंदिर आणि कालिदास स्मारक बघून उतरतात. कालिदासाच्या यक्षाचा रामगिरी तो हाच, असं मानतात. तुम्ही मात्र केवल नरसिंह आणि रुद्र नरसिंह ही दोन छोटी मंदिरं चुकवू नका. वाकाटकांच्या काळची, म्हणजे दीड हजार वर्षांपूर्वीची. अंधाऱ्या गाभाऱ्यात नरसिंह एक गुडघा उभा करून, निवांत हात टेकून बसला आहे. हिरण्यकश्यपूला फाडणारा उग्र अवतार डोक्यात असेल तर हा बघून चकित व्हाल. केवल नरसिंहाच्या मंडपाच्या भिंतीत एक शिलालेख आहे. चुन्याच्या थराखाली तो दडलेला होता. टॉर्च तिरपा धरा, सरळ उजेडात अक्षरं दिसत नाहीत.

इथे प्रभावतीगुप्तेची ओळख करून घ्यावी. दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी, वाकाटकांची सून. नवरा लवकर गेला, मुलं लहान, आणि तिनं पालक म्हणून राज्य चालवलं. तिचे दोन ताम्रपट प्रसिद्ध आहेत. एक पुण्यात एका तांबटाकडे सापडला, म्हणून अभ्यासक त्याला 'पुणे ताम्रपट' म्हणतात. तो दिला गेला नंदिवर्धनातून, म्हणजे रामटेकजवळच्या नगरधनातून. दुसरा रिद्धपूरचा, तो 'रामगिरीच्या स्वामीच्या पायाशी' बसून दिलेला. ही दानपत्रं वकिलानं कन्व्हेयन्स डीड, म्हणजे मिळकत हस्तांतराचा दस्त, म्हणून वाचावीत. देणारी कोण, तिची वंशावळ आणि तिचा अधिकार, घेणारा कोण, मिळकत कोणती. मग सवलती: त्या गावात सैनिकांनी आणि सरकारी माणसांनी शिरायचं नाही. आणि शेवटी दंडाचं कलम, ते शापाच्या रूपात: स्वतः दिलेली किंवा दुसऱ्यानं दिलेली जमीन जो हिरावून घेईल, त्याला लाख गायी मारल्याचं पाप. दुय्यम निबंधक नव्हता, म्हणून पापाची भीती घातली. शुक्रवारी अजब बंगल्यात ताम्रपट बघितले असतील तर कडी, मुद्रा आणि ओळींची मांडणी डोळ्यासमोर राहते. म्हणूनच तो क्रम.

दुपारी दोनपर्यंत नागपूर. खिंडसी तलावात बोटिंग आहे, वेळ उरला तरच.

आता वाघ का काढला ते. पेंच व्याघ्र प्रकल्पाचं सिल्लारी प्रवेशद्वार सत्तर किलोमीटरवर, फेरी सूर्योदयाला सुटते, म्हणजे चारला उठणं आलं. जिप्सीत सहा पर्यटक बसतात. तुम्ही आठ, म्हणजे दोन जिप्सी. आरक्षण आगाऊ, नावानिशी, आणि दाराशी मूळ ओळखपत्र तपासतात. ऐनवेळी एक जण बदलला तर अडचण होते. 'सकाळी सफारी, दुपारी रामटेक' हा बेत कागदावर सुंदर दिसतो. प्रत्यक्षात उघड्या जिप्सीतून गारठून आलेली माणसं नरसिंहासमोर पेंगतात. जंगलाला वेगळे दोन दिवस द्या, नाहीतर देऊच नका.

शनिवारी संध्याकाळी फुटाळ्यावर फेरफटका, कणीस, चहा. हा तलाव कायद्यानं 'पाणथळ जागा' ठरतो की नाही, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता, तेवढंच त्याचं वकिली महत्त्व.

रात्री सावजी. कोष्टी समाजाच्या घरांतून आलेलं हे जेवण: भाजलेलं खोबरं, खसखस, दगडफूल आणि बऱ्याच खड्या मसाल्यांचं काळपट वाटण, वर तेलाचा बोटभर तवंग. मागवताना प्लेटी कमी सांगा, दोघांत एक. तवंग चमच्यानं बाजूला काढून खालचा रस्सा चपातीशी खा, मग भातावर थोडी तर्री. घशाला लागलं म्हणून वर गटागटा पाणी प्यायलात तर जाळ पसरतो. कोरड्या भाताचा घास घ्या. शाकाहाऱ्यांनी पाटोडी रस्सा आणि डाळ-कांदा घ्यावा, मसाला तोच, मजा कमी नाही. फक्त एकाच कढईची आणि चमच्याची अडचण असेल तर आधी विचारून शुद्ध शाकाहारी भोजनालय निवडा. भाजीत 'सांबार घालू का' असं विचारलं तर इडलीचं सांबार समजू नका. इथे सांबार म्हणजे कोथिंबीर. हे जेवण शनिवारीच ठेवा. रविवारी रात्री सावजी आणि सोमवारी साडेदहाला युक्तिवाद, हा जुगार कुणी खेळू नये.

रविवारी सकाळी महाल. टेम्पो गांधी गेटपाशी सोडा आणि पुढे ई-रिक्षा किंवा पाय. गल्ल्यांत मोठी गाडी शिरली की निघत नाही. गोंड राजा बख्त बुलंद शाहनं वसवलेलं शहर पुढे भोसल्यांचं झालं. तिसरे रघूजी ११ डिसेंबर १८५३ ला पुत्राविना वारले आणि डलहौसीनं १८५४ मध्ये राज्य खालसा केलं. हिंदू विधवेला नवऱ्याच्या मागे दत्तक घेण्याचा अधिकार आहे का, सार्वभौम सत्तेची संमती लागते का, हे प्रश्न त्या वेळी न्यायालयात न जाता फायलीवरच्या शेऱ्यात निकाली निघाले. मागोमाग राजवाड्यातले दागिने, हत्ती, घोडे, बैल लिलावात निघाले. भोसल्यांचा वाडा हे आजही घर आहे. परवानगी नसेल तर बाहेरूनच बघा. सीताबर्डीचा किल्ला, जिथे नोव्हेंबर १८१७ मध्ये आप्पासाहेबांची फौज हरली, तो लष्कराकडे आहे आणि लोकांना २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टलाच उघडतो. तुमच्या तारखांत नाही.

दुपारी चिचोलीचं शांतिवन, शहराबाहेर पश्चिमेला. बाबासाहेबांच्या वापरातल्या वस्तू, कोट, टोप्या आणि टंकलेखन यंत्र इथे जपलेलं आहे. निघण्याआधी उघडं असल्याची खात्री करा. ज्यांना सेवाग्राम बघायचंच आहे त्यांनी महाल आणि चिचोली दोन्ही सोडून सकाळी सातला वर्ध्याचा रस्ता धरावा; पंच्याहत्तर-ऐंशी किलोमीटर, बापू कुटी, परतताना पवनारचा विनोबांचा आश्रम. मॅटर ज्याचं आहे त्यानं मात्र शहरातच राहावं, रविवारी चारनंतर स्थानिक वकिलांबरोबर कॉन्फरन्स असणारच.

संत्री सोमवारी निघताना घ्या, आधी नको. जानेवारीत आंबिया बहार, म्हणजे संत्र्याचा हिवाळी हंगाम, संपत आलेला असतो. नागपुरी संत्र्याची साल सैल असते, म्हणून ती सोलायला सोपी आणि दबायलाही सोपी. हातात घेतल्यावर आकाराच्या मानानं जड लागेल तेच निवडा. फुगलेलं आणि हलकं म्हणजे आत चोथा. चकाकी बघून भुलू नका, मेण लावलेलं असतं. पिशवीत नको, खोक्यात कागद घालून एकावर एक दोनच थर ठेवा, आणि गाडीत खोका वरच्या बर्थवर, सीटखाली नको. खाली कुणाची तरी बॅग त्यावर येते. संत्रा बर्फी घ्यायची तर डब्यावरची तारीख वाचून घ्या, खव्याची असेल तर पुण्यात पोचल्यावर लगेच वाटून टाका.